बदामाच्या आकाराचे टोमॅटो: आठ पाकिटं, दोन हंगाम

पहिल्या हंगामात रोपं महिनाभराची झाली तेव्हा मी ती सगळी उपटून टाकण्याच्या बेतात होते. पानं अरुंद, कडा आत वळलेल्या, शेंडे खाली लोंबलेले. भर दुपारी तहानलेलं झाड जसं दिसतं तशी ती सकाळी सहालाही दिसायची. पाणी वाढवलं, मग कमी केलं, मुळाशी उकरून पाहिलं. ना रोग, ना कीड. शेजारच्या गोल टोमॅटोची रोपं मात्र ताठ उभी. पुढे कळलं की हृदयाच्या आकाराच्या पुष्कळ वाणांची पानं मुळातच अशी झिरझिरीत आणि मरगळलेली असतात, ती त्यांची ठेवणच आहे. आठपैकी एकाही पाकिटावर हे छापलेलं नव्हतं. छापलं असतं तर माझा पंधरा दिवसांचा घोर वाचला असता, आणि मी उपटलेली दोन रोपंही.

त्या आठ पाकिटांचं हे परीक्षण. 'अ‍ॅना रशियन', 'हंगेरियन हार्ट', 'कोसोव्हो', 'जर्मन रेड स्ट्रॉबेरी', 'ऑरेंज रशियन ११७', 'क्वोरे दी बुए दी अल्बेंगा', 'डांको' आणि 'आमिश पेस्ट'. दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून टपालानं मागवली. पहिल्या हंगामात प्रत्येकाची चार रोपं लावली, दुसऱ्या हंगामात त्यातली निवडक. माती, खत आणि आधाराच्या काठ्या सगळ्यांना सारख्याच.

मी तीस वर्षं ग्रंथालयात सूचीकार होते. पुस्तकाची नोंद चुकली की ते कपाटात असूनही कुणाला सापडत नाही, हे मी रोज पाहिलेलं. त्यामुळे या परीक्षणात चवीइतकीच जागा नावांना मिळणार आहे.

मराठीत या आकाराला काय म्हणावं, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्या फळाबरोबरच आला. इटलीत 'क्वोरे दी बुए', फ्रान्समध्ये 'कर द बफ', जर्मनीत 'ऑक्सनहेर्त्स', रशियात 'बीच्ये सेर्द्त्से'. सगळ्यांचा अर्थ बैलाचं हृदय. मराठीत 'बैलहृदयी' म्हटलं तर ते एखाद्या आजाराचं नाव वाटतं. 'काळीज' शब्द सुंदर आहे, पण त्यात रक्त फार आहे. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, पहिलं फळ हातात घेऊन म्हणाली, "आत्या, हा तर पत्त्यांतला बदाम आहे." मग तोच शब्द रुळला. वर रुंद खांदे, मध्ये देठापाशी खोलगट, खाली निमुळतं टोक. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर खेळलेल्या कुणालाही हा आकार समजावून सांगावा लागत नाही.

आता चव. बदामी टोमॅटोचं कौतुक करताना लोक नेहमी सांगतात की गर भरपूर, बिया कमी, पाणी कमी. खरं आहे. 'हंगेरियन हार्ट'चं ४१० ग्रॅमचं एक फळ कापलं तर त्यात जेमतेम २३ बिया निघाल्या. पण बियांभोवतीची जी बुळबुळीत जेली असते, तिच्यातच आंबटपणा जास्त असतो. तोंडात रेंगाळणारी जी भरीव, खारटसर चव असते, ती देणारं ग्लुटामेटही घट्ट गरापेक्षा जेलीत जास्त सापडतं. म्हणजे बिया आणि जेली कमी करत जावं तसतसं फळ गोडसर, मऊ आणि शेवटी बेचव होण्याचा धोका वाढतो. बदामी वाण निवडताना मी सगळ्यात आधी हेच पाहते: फळ आडवं कापायचं आणि गराच्या भिंतींमध्ये जेलीचे कप्पे किती उरलेत ते बघायचं. नुसत्या गराचा गोळा दिसला तर ते वाण शिजवायला ठेवावं. लहान लहान का होईना, पण जेलीनं भरलेले पुष्कळ कप्पे दिसले तर कच्चं खाताना मजा येते.

कप्प्यांची संख्या आणि फळाचा आकार दोन्ही जनुकांवर ठरतात. सन, ओव्हेट, एलसी आणि फॅस या चार जनुकांचा अभ्यास बराच झाला आहे. पहिल्या दोघांमुळे फळ लांबट होतं, पुढच्या दोघांमुळे कप्पे वाढतात. सुगंधाचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटानं २०१७ साली ३९८ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आधुनिक व्यापारी वाणांमध्ये चवीशी निगडित अशी १३ उडनशील, म्हणजे वासाची, द्रव्यं जुन्या वाणांपेक्षा बरीच घटलेली दिसली. साखर आणि आंबटपणा जिभेला कळतो, पण 'हा टोमॅटो आहे' हे नाकच सांगतं. माझ्याकडेही त्याचा पडताळा आला. भाचीकडे रसातली विद्राव्य घटकांची टक्केवारी, म्हणजे ढोबळमानानं गोडी, मोजायचं छोटं उपकरण आहे. त्यात 'आमिश पेस्ट' ५.४ दाखवत होता आणि 'कोसोव्हो' ५.१. खाताना मात्र 'कोसोव्हो' कितीतरी पुढे. आकडा बरोबर होता, पण वास त्यात मोजलेला नव्हता.

चव घेण्याची आमची पद्धत आधीच सांगते, म्हणजे पुढची मतं कशावर उभी आहेत ते कळेल. फळ झाडावर पूर्ण रंगल्यावर तोडायचं, फ्रिजमध्ये अजिबात ठेवायचं नाही. १२ अंशांखाली ठेवलेल्या टोमॅटोतली सुगंधी द्रव्यं घटतात आणि बाहेर काढल्यावर ती पूर्ण परत येत नाहीत. फोडी बशीत, बशीखाली क्रमांक, नाव कुणालाच माहीत नाही. एक फोड मिठाशिवाय, एक मिठासकट. चाखणारे तिघं: मी, भाची आणि तिचे वडील, म्हणजे माझा दादा. नाव लपवणं फार महत्त्वाचं ठरलं. पहिल्या दिवशी नावं सांगून चाखलं होतं तेव्हा दादाला प्रत्येक रशियन नावाच्या टोमॅटोत 'थंड हवेची गोडी' लागत होती. नावं झाकल्यावर त्यानं 'अ‍ॅना रशियन' आणि 'हंगेरियन हार्ट' यांची सरळ अदलाबदल केली.

'अ‍ॅना रशियन' माझं सगळ्यात आवडतं. फळं गुलाबीसर लाल, २०० ते ३५० ग्रॅमची, आणि बदामी वाणांत बऱ्यापैकी लवकर येणारी. माझ्याकडे रोप लावल्यापासून ७१ व्या दिवशी पहिलं फळ पिकलं, तेव्हा 'हंगेरियन हार्ट' अजून हिरवाच होता. पान सगळ्यात मरगळलेलं याचंच. जेली इतरांपेक्षा जास्त, रस हातावर ओघळतो, साल पातळ. चव आधी गोड लागते, मग मागून हलका आंबटपणा येतो आणि तो पुढचा घास मागतो. रसामुळे फोडींची चळत नीट राहत नाही आणि साल चिरकते, म्हणून नेआण करायला हे वाण वाईट. ज्याला झाडापासून ताटापर्यंत वीस पावलंच चालायची आहेत त्यानं बिनधास्त घ्यावं.

या नावाची गोष्ट पाकिटावर चार ओळींत दिली होती आणि त्यासाठी त्या विक्रेत्याचं मी मनापासून कौतुक करते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या एका कुटुंबात हे बियाणं होतं. आजोबांना ते रशियातून आलेल्या एका स्थलांतरितानं दिलं आणि नातीनं ते पुढे बियाणं जपणाऱ्यांच्या हाती सोपवलं. नावातली अ‍ॅना कोण, हे पाकीट सांगत नाही. पण बी कुठून कुठे गेलं याचा माग आहे. सूचीकाराला एवढा माग पुरतो.

'हंगेरियन हार्ट'चंही मूळ नोंदलेलं आहे: बुडापेस्टपासून सुमारे ३२ किलोमीटरवरचं एक गाव, काळ १९०० च्या आसपास. फळ मोठं, गुलाबी, चिरा जवळजवळ नाहीत. माझ्याकडचं सर्वात मोठं ५३० ग्रॅमचं. गर रेशमासारखा, एकही कडक धागा नाही. चव सौम्य. तिघांनीही त्याला 'छान' म्हटलं आणि तिघांपैकी कुणीही दुसरी फोड उचलली नाही. माझ्या वहीत ही नोंद अधोरेखित आहे. मात्र शिजवल्यावर त्याचं सोनं होतं. पाणी आटवायला वेळ लागत नाही, बिया गाळाव्या लागत नाहीत आणि आटताना चव गोळा होत जाते. कच्चं खायला नको, पातेल्यात हवं.

इथे एक गुलाबी-लालचा खुलासा. बियाण्यांच्या वर्णनात 'गुलाबी' आणि 'लाल' असे दोन गट असतात आणि गुलाबी जास्त गोड, अशी समजूत आहे. आतला गर दोन्हींत लालच असतो. फरक सालीचा. लाल टोमॅटोची साल पिवळसर, गुलाबीची पारदर्शक. गरम पाण्यात बुडवून साल सोडवा आणि उजेडासमोर धरा, लगेच दिसतं. सालीतल्या त्या पिवळ्या रंगद्रव्याचा गोडीशी थेट संबंध नाही. माझ्या आठांमध्ये आंबटगोडाचा तोल सर्वांत चांगला साधलेल्या दोन वाणांत एक गुलाबी आहे आणि एक लाल. पाकीट निवडताना रंगावर भिस्त ठेवू नये.

'कोसोव्हो' हा त्यातला गुलाबी. फळं भली मोठी, गर घट्ट, तरीही कप्पे भरलेले. पहिल्या चाचणीत तो आणि 'अ‍ॅना रशियन' बरोबरीत आले. मिठासकट चाखल्यावर 'कोसोव्हो' पुढे गेला. झाड दणकट, पण फळांच्या वजनानं फांद्या मोडतात. प्रत्येक घोसाला वेगळा आधार बांधावा लागला, नाहीतर देठापाशी फांदी दुमडते आणि फळ पिकण्याआधीच थांबतं. प्रदेशाचंच नाव वाणाला दिलं की शोधायला सोपं जातं, पण त्या प्रदेशातल्या नेमक्या कुठल्या बागेतून आलं ते पुसलं जातं. माझ्या पाकिटावर नावापलीकडे एक अक्षर नव्हतं.

'आमिश पेस्ट'बद्दल थोडक्यात. नाव मोठं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या आमिश या साधेपणानं राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाशी जोडलेलं, स्लो फूड या संस्थेच्या 'आर्क ऑफ टेस्ट' या लोप पावू शकणाऱ्या जुन्या खाद्यवाणांच्या यादीतलं. याच नावाखाली वेगवेगळ्या घरांतली वेगवेगळी बियाणी फिरतात. काही लांबट येतात, काही बदामी. माझ्या चार झाडांतच दोन आकार होते. बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडून बरीच फळं गेली. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं, आणि पाणी कधी जास्त कधी कमी झालं की लांबट व टोकदार फळांना ते आधी भोवतं. पाणी नियमित केल्यावर पुढची फळं चांगली आली, पण चव पुन्हा लावावी इतकी नव्हती.

'क्वोरे दी बुए दी अल्बेंगा' दिसायला सगळ्यांत देखणा. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरचं अल्बेंगा हे त्याचं गाव. आकार नाशपातीसारखा, खाली फुगीर, वर चुण्या, नाडी ओढून बंद केलेल्या बटव्यासारखा. खरं तर हा बदाम नव्हेच, आणि इथे नावांचा मोठा घोळ आहे. फ्रान्समधल्या दुकानांत 'कर द बफ' म्हणून जो खोल घड्यांचा टोमॅटो येतो तो बहुधा आधुनिक संकरित असतो. जुना 'कर द बफ' गुळगुळीत, खाली टोक असलेला, गरानं गच्च. एकाच नावाखाली दोन वेगळी फळं विकली जातात आणि चुणीदार फळ खाऊन निराश झालेला माणूस गुळगुळीत फळालाही बेचव ठरवतो. नाव चोरीला गेलं की चवीची अब्रू जाते, हे मी अगदी तळमळीनं लिहिते आहे. बियाणं मागवताना 'बैलाचं हृदय' या अर्थाच्या शब्दापाशी थांबू नका. पुढे गावाचं किंवा कुटुंबाचं नाव आहे का, सरळ वाण आहे, म्हणजे बी धरलं तर तसंच उगवणारं, की संकरित, हे विचारा. अल्बेंगाची चव? ताजी, थोडी हिरवट, आतून जरा पोकळ. उगवण मात्र शंभर टक्के.

'डांको' रशियन. बुटकं झाड, माझ्याकडे ५५ सेंटिमीटरवर थांबलं, आधार एकच पुरला. फळं नारिंगीसर लाल, २०० ग्रॅमच्या आतबाहेर, आणि देठापाशी पिकल्यावरही गडद हिरवा डाग राहतो. हा हिरवा खांदा पाहून पुष्कळांना फळ कच्चं वाटतं. कच्च्या फळाच्या खांद्यावरचा गडद हिरवेपणा म्हणजे जादा हरितद्रव्य, आणि तिथे फळ स्वतः थोडी साखर बनवतं. एकसारखा रंग चढावा म्हणून आधुनिक वाणांत जे जनुक निवडलं गेलं त्यानं हा हिरवा खांदा घालवला आणि त्याबरोबर थोडी गोडीही, असं २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं. 'डांको'ला माझ्या वहीत आठांत तिसरा क्रमांक आहे. गर गोड, मधाकडे झुकणारा, जेली पुरेशी. जागा कमी असेल, मोठी कुंडी एकच असेल, तर हा घ्या.

आणि नाव! डांको हा एका जुन्या रशियन कथेतला तरुण. काळोख्या जंगलात वाट हरवलेल्या आपल्या लोकांना बाहेर नेण्यासाठी तो छाती फाडून स्वतःचं हृदय काढतो आणि ते मशालीसारखं पेटतं. नारिंगी ज्वाळेच्या रंगाच्या, हृदयाच्या आकाराच्या टोमॅटोला हे नाव! पाकिटावर फक्त 'डांको, बुटकं, लवकर येणारं' एवढंच होतं. अर्थ कळल्यावर मी ते फळ पुन्हा हातात घेऊन बघितलं. वाणाच्या नावाचं काम इतकं चांगलं झालेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

रशियन नावांची भाषांतरं कशी फसतात याचं उलट उदाहरण 'शाप्का मोनोमाखा'. हे वाण मी लावलेलं नाही, त्यामुळे चवीबद्दल बोलत नाही. इंग्रजी याद्यांत ते 'मोनोमाखची टोपी' अशा अर्थानं येतं आणि वाचणाऱ्याला साधी टोपी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो रशियाच्या राजांचा सोन्याचा, खाली फरची किनार असलेला मुकुट आहे, क्रेमलिनच्या शस्त्रागार संग्रहालयात ठेवलेला. 'शाप्का'चा शब्दशः अर्थ टोपीच, पण भाषांतरात राजमुकुट हरवला. म्हणूनच लागवडीतल्या वनस्पतींच्या नावांची जी आंतरराष्ट्रीय संहिता आहे, पहिली आवृत्ती १९५३ ची, ती सांगते की वाणाचं नाव भाषांतरित करायचं नाही. लिपी बदला, उच्चार जमेल तसा लिहा, पण नाव तेच ठेवा. वाणाचं नाव एकेरी अवतरणात लिहायचं. आणि १ जानेवारी १९५९ पासून नवीन वाणाला लॅटिन रूपाचं नाव द्यायचं नाही, म्हणजे ते लोकांच्या बोलीतलं हवं. हे नियम वाचताना मला माझ्या जुन्या कामाच्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. इथे मी 'बीच्ये सेर्द्त्से' तसंच लिहिलं आहे ते त्यासाठीच.

'ऑरेंज रशियन ११७' कापल्यावर भाचीच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. बाहेरून नारिंगी, आत पिवळ्या गरात खालच्या टोकापासून वर चढणाऱ्या लाल रेषा. आडवा छेद सूर्योदयासारखा दिसतो. चव फळासारखी गोड, आंबटपणा अगदी कमी. दादानं त्याला आठांत पहिला क्रमांक दिला, मी पाचवा. ज्यांना टोमॅटोचा आंबटपणा सोसत नाही त्यांना हा आवडेल. पाकिटावर 'पिढीजात वाण' छापलं होतं आणि माझी तक्रार तिथे आहे. हे वाण जेफ डॉसन या पैदासकारानं 'रशियन ११७' हे लाल बदामी वाण आणि 'जॉर्जिया स्ट्रीक' हे पिवळं-लाल वाण यांच्या संकरातून निवडत निवडत स्थिर केलं. आज ते सरळ वाण आहे, बी धरलं तर तसंच उगवतं, चांगलंच आहे. पण कुणा आजीनं चार पिढ्या जपलेलं ते नाही. एका जिवंत माणसाची अनेक हंगामांची मेहनत आजीच्या नावावर खपवणं मला पटत नाही. पाकिटावर पैदासकाराचं नाव यायला हवं. ११७ हा आकडा मात्र मला आवडला. आईबापांपैकी एकाचा क्रमांक मुलाच्या नावात राहिला, त्यामुळे वंशावळ नावातूनच वाचता येते.

शेवटी 'जर्मन रेड स्ट्रॉबेरी'. चारपैकी तीन झाडं वर्णनाबरहुकूम: लाल, खांदे रुंद, टोक अणकुचीदार, फळ खरोखरच प्रचंड स्ट्रॉबेरीसारखं. चव भरदार, आंबटगोडाचा तोल उत्तम, दोन सर्वोत्तमांतला लाल हाच. चौथं झाड वेगळं निघालं. पानं ताठ, वाढ जोमदार, फळं बारा दिवस आधी, बसका रुंद बदाम, आत जेली भरपूर. विक्रेत्याला छायाचित्रं पाठवली. त्यांनी पाकीट बदलून दिलं, चूक मान्य केली, पण बी कुठल्या शेतातून आलं ते सांगितलं नाही. मला बदली पाकिटापेक्षा ते उत्तर हवं होतं.

अशी भेसळ कशी होते ते समजण्यासारखं आहे. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागानं फळतं. पण मोठ्या फळांच्या झाडांवर, विशेषतः पहिल्या घोसात, दोनतीन फुलं जुळून एक रुंद फूल येतं, त्याचं स्त्रीकेसर उघडं पडतं आणि मधमाशी दुसऱ्या झाडाचा पराग आणून टाकते. म्हणून बी धरायचं फळ मी आता अशा जुळ्या फुलाचं घेत नाही. साध्या फुलांचा घोस उमलण्याआधी जाळीदार पिशवीत बांधते, फळ धरलं की पिशवी काढून देठाला लाल दोरा. पिकल्यावर बिया जेलीसकट बरणीत दोनतीन दिवस आंबवते. त्यात उगवण रोखणारं आवरण सुटतं, मग धुऊन सुकवते.

झाकून घेतलेल्या चाचणीत तिघांनीही सर्वाधिक गुण दिले ते या चौथ्या, चुकून आलेल्या झाडाला. दादा रशियन म्हणाला, भाची म्हणाली 'अ‍ॅना'चा भाऊ असेल. जेलीतला आंबटपणा, गराची गोडी आणि तोडताना हाताला लागून राहणारा पानांचा वास, सगळं एकत्र.

त्याचं बी धरलं आणि दुसऱ्या हंगामात बारा रोपं लावली. बाराही वेगळी. तीन गुलाबी, नऊ लाल. पाच बदामी, बाकी गोल किंवा चपटी. एकाची चव पाण्यासारखी. मूळ झाड संकर होतं यात शंका उरली नाही, आणि पारदर्शक साल ज्या प्रमाणात यायला हवी त्याच प्रमाणात आली होती, बारात तीन. बारापैकी दोन झाडं मी निवडली, दोन्ही बदामी, दोन्ही जेलीदार. अजून पाचसहा पिढ्या निवड केल्यावर कदाचित एक स्थिर होईल.

भाचीनं त्याला नावही शोधलं. "आत्या, 'जिव्हाळा' ठेव. त्यात जीवही ऐकू येतो आणि जिव्हाही." मी बराच वेळ काही बोललेच नाही. हृदयाच्या आकाराच्या, जिभेनं निवडलेल्या फळासाठी याहून नेमका शब्द मला सुचला नसता. पण बी पेरल्यावर दर वेळी वेगळं उगवणाऱ्या झाडाला नाव दिलं तर उद्या कुणी ते बी नेईल, त्याला पाण्याच्या चवीचा गोल टोमॅटो मिळेल, आणि नाव वाया जाईल.

पुढच्या हंगामासाठी बी काढून ठेवलंय: 'अ‍ॅना रशियन', 'कोसोव्हो', 'डांको' आणि 'जर्मन रेड स्ट्रॉबेरी'ची ती तीन खरी झाडं. 'हंगेरियन हार्ट'चं एक झाड पातेल्यासाठी. दादासाठी 'ऑरेंज रशियन ११७'चं एक. निवडलेल्या दोघांच्या पुड्यांवर शाईनं लिहिलंय: 'जर्मन रेड स्ट्रॉबेरी' × अज्ञात, दुसरी पिढी, झाड क्र. ४ आणि क्र. ९, तोडणीची तारीख, फळाचं वजन. चारच्या पुडीवर, कोपऱ्यात, भाचीनं पेन्सिलीनं 'जिव्हाळा' लिहिलं आहे. मी ते खोडलेलं नाही.